नमुन्याची रिकामी चौकट

१

दुपारी साडेतीन वाजता नदीची पातळी आठ मीटर शहाऐंशी सेंटिमीटर होती. निदान माझ्या हातातल्या फोनवर तसं दिसत होतं. मी स्वतः त्या वेळी नदीच्या शेवटच्या पायरीवर घोटाभर पाण्यात उभी होते आणि समोरच्या रंगवलेल्या पट्टीवर पाणी एक मीटर बारा सेंटिमीटरवर होतं.

आठ शहाऐंशी खरं असतं, तर माझ्या डोक्यावर सहा मीटर पाणी असतं.

पाणी संथ होतं, वारा नव्हता. वर काठावर नोंदघराचं दार कुलूप लावून बंद केलेलं होतं. मी फोनवरचं ते पान पुन्हा उघडलं. आकडा उमटला, तो क्षणभर एक बारा होता असं मला वाटलं. पापणी लवेपर्यंत तो आठ शहाऐंशी झाला.

मापयंत्रं तपासणं हे माझं काम आहे. वीस वर्षांत मी चुकणारी यंत्रं पुष्कळ पाहिली. यंत्र चुकतं तेव्हा त्याच्या चुकीलाही एक सवय असते. इथं मात्र यंत्र नव्हतंच. इथं एक बाई पट्टी वाचून साध्या फोनवरून आकडा कळवत होती आणि तो नदी विभागाच्या वेबसाइटवर दिसत होता.

तीन दिवसांपूर्वी कुणीतरी त्या आकड्याचा फोटो खालच्या वस्तीत सगळ्यांना पाठवला. वस्ती उठून टेकडीकडे पळाली. एक म्हातारी जिन्यावरून पडली आणि गेली. खोटी नोंद केल्याबद्दल त्या बाईविरुद्ध उद्या सकाळी पोलिसांत तक्रार जाणार होती. त्याआधी एकदा तपासून बघायला विभागानं मला पाठवलं होतं.

पण तिचा फोन परवापासून अभियंता साहेबांच्या कपाटात कुलपात होता. नोंदी साहेब स्वतः पाठवत होते. आणि तरीही आज साडेतीनला आठ शहाऐंशी आले होते.

२

नोंदवाली बाई नोंदघरामागच्या दोन खोल्यांत राहत होती. वय तिशीचं, केस घट्ट बांधलेले, नखं कापलेली. तिनं मला खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली.

"बसा की," मी म्हणाले.

"नको ताई. बसले की मला झोप येते. तीन दिवस झोपले नाहीये."

"तुम्ही काय पाठवत होता?"

तिनं वही पुढं केली. एक दहा, एक अकरा, एक बारा. अक्षर छापल्यासारखं. आकडे नदीशी जुळत होते.

"पानावर काय दिसतंय ते तुम्हाला कधी कळलं?"

"साहेबांनी झापलं तेव्हा. माझ्या फोनवर पान उघडतच नाही, बटणांचा फोन आहे. मग दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींनी त्यांच्या फोनवर दाखवलं. मी भिंतीला धरून खाली बसले."

"का?"

"दुपारचे बारा वाजले होते. पाच वीस. साडेबाराला पाच पंचाहत्तर. एकला सहा दहा. ताई, हे आकडे मला पाठ आहेत. लहान मुलांना पाढे पाठ असतात ना, तसे."

"कुठले आहेत?"

"माझ्या बाबांचे."

एकोणीस वर्षांपूर्वी तिचे वडील इथेच पातळी मोजत होते. त्या वर्षीच्या पुरात खालच्या वस्तीतली अकरा माणसं बुडाली. वडीलही सापडले नाहीत. चौकशीचा अहवाल तिनं पेटीतून काढून दिला. घड्यांवर तो फाटायला आला होता. त्यात लिहिलं होतं की दुपारी दोनला सात मीटर दहा ही शेवटची नोंद फोनवर आली, त्यानंतर मोजणीदार आपल्या मुलीला शाळेतून आणण्यासाठी ठाणं सोडून गेला, पुढच्या नोंदी नाहीत, त्यामुळे भोंगा वेळेवर वाजवता आला नाही.

"म्हणून मी ही नोकरी मागून घेतली," ती म्हणाली. "घराण्याचं नाव पुसायला नाही हो, धुवायला. एकही नोंद चुकवलेली नाही. आणि आता मीच खोटारडी."

"दोनपर्यंतचे आकडे या अहवालात आहेत. ते कुणालाही मिळतील."

"तेच सांगतेय." तिचा आवाज एकदम खाली आला. "दोनपर्यंतचे मला माहीत आहेत. पण पानावर त्यापुढचेही येतात. अडीच, तीन, साडेतीन. दर दिवशी तेच. ते तर कुणी घेतलेच नव्हते ना? मग ते कोण सांगतंय?"

३

साहेबांच्या कचेरीत पोचेपर्यंत चार वाजून गेले होते. लांब व्हरांडा, लोखंडी कपाटं, छतावर हळू फिरणारा पंखा. साहेब पंचेचाळिशीचे, नीटनेटके, बोलणं तोललेलं.

"तुम्ही उगाच दमलात," ते म्हणाले. "सरळ प्रकरण आहे. बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. बापाचा सूड म्हणून बापाचे आकडे टाकतेय."

"फोन तुमच्याकडे आहे."

"पासवर्ड असेल तिच्याकडे. कुणीतरी साथीदार असेल."

त्यांच्या टेबलावरच्या संगणकावर पान उघडं होतं. वर तांबड्या अक्षरांत सूचना होती की ही पातळी ग्राह्य धरू नये. खाली मोठा आकडा, नऊ पंचवीस. आम्ही दोघंही बघत राहिलो. चार वीसला कुणी काही न दाबता आकडा बदलला. नऊ बेचाळीस.

चार वाजून तीस मिनिटांनी तो आकडा गेला.

शून्य आलं नाही की चूक झाल्याची खूण आली नाही. आकड्याची जागा फक्त पांढरी झाली. फोनवर कुणीतरी बोलत असावं, मध्येच बोलायचं थांबावं, आणि रिसीव्हर तसाच खाली लोंबत राहावा, तसं मला वाटलं. पंख्याचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा भासला. साहेबांनी खिडकीकडे पाहिलं, नदी जिकडे आहे तिकडे.

"रोज असंच होतं," ते म्हणाले. "आता मध्यरात्रीपर्यंत कोरं. सकाळी पुन्हा बरोबर."

पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलेलं टिपण त्यांनी मला दिलं. मी ते घडी करून ठेवलं, कारण माझं लक्ष पानाच्या खालच्या भागाकडे गेलं होतं. तिथं एक ओळ होती: 'ही पातळी तुमच्या वेबसाइटवर दाखवायची असल्यास पुढील कोडचा नमुना वापरा.' आणि त्याखाली करड्या रंगाची चौकट.

चौकट रिकामी होती.

मी शेजारच्या ठाण्याचं पान उघडलं. तिथं चौकटीत वीस-पंचवीस ओळींचा कोड होता. तिसऱ्या ठाण्याच्या पानावरही होता. एकूण चाळीस ठाणी. मी चाळीसही पानं पाहिली. एकोणचाळीस चौकटी भरलेल्या होत्या, आणि फक्त आमची कोरी होती.

४

वेबसाइट सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला कचेरीत सगळे 'होऊनजाईल' म्हणत, कारण कुठल्याही कामाला त्याचं तेच उत्तर असे.

"मॅडम, माझ्याकडं सगळं बरोबर दिसतंय," त्यानं सुरुवातच केली. "हे बघा, माझ्या पडद्यावर एक बारा."

"तुम्ही कुठून बघताय?"

"आतल्या बाजूनं. संपादनाचं पान आहे."

"तिथं कोड चालू द्यायची मुभा असते?"

"छे! तिथं सगळं बंद ठेवलेलं असतं, सुरक्षा म्हणून." तो हसला, मग हसू जरा लांबलं. "का?"

"नमुन्याची चौकट या ठाण्याच्या पानावर रिकामी का आहे?"

"कुणी भरली नसेल."

"बघा ना."

त्यानं माहितीसाठ्यातली ती नोंद उघडली. प्रत्येक ठाण्याला तिथं रकाने होते, नाव, नदी, धोक्याची पातळी, आणि एक रकाना 'नमुना'. पानाचा साचा सगळ्यांना एकच. पान उघडलं की ज्या त्या ठाण्याच्या रकान्यातला मजकूर साच्यात ओतला जातो. आमच्या ठाण्याचा रकाना रिकामा नव्हता. त्यात कोड होता आणि कोडाच्या पोटात वेळा आणि आकडे होते. बारा वाजता पाच वीस. दोनला सात दहा. साडेतीनला आठ शहाऐंशी. चार वीसला नऊ बेचाळीस. त्याखाली एक ओळ: घड्याळ बघ, त्या वेळेचा आकडा 'पातळी' नावाच्या जागेत लिही, साडेचारनंतर जागा कोरी ठेव.

होऊनजाईलनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. "अहो, हे तर चालतंय! दाखवायच्या ऐवजी चालतंय!"

वाचकाला दाखवायचा कोड पानात जसाच्या तसा ओतून चालत नाही. त्याचे टोकदार कंस आधी निरुपद्रवी खुणांमध्ये बदलावे लागतात. नाहीतर ब्राउझर तो वाचकाला दाखवत नाही, तर स्वतः वाचतो आणि सांगितलेलं मुकाट्यानं करतो. औषधाची चिठ्ठी भिंतीवर लावायची होती, इथं औषधच पाजलं गेलं होतं. चौकट म्हणूनच रिकामी होती, आणि म्हणूनच खरा आकडा क्षणभर दिसून पुसला जात होता. नोंदवाल्या बाईचा प्रत्येक आकडा बरोबर पोचत होता.

"हे कंस बदलायचं काम साचा करत नाही?"

"करत होता. सहा दिवसांपूर्वी मीच बंद केलं." त्याचा चेहरा उतरला. "तक्रार आली होती. नमुन्यांत कंसांच्या जागी कचरा अक्षरं दिसतात म्हणून. बघितलं तर रकान्यांत खुणा आधीच हातानं बदलून ठेवलेल्या, त्या साचा पुन्हा बदलत होता. दोनदा सोललेला कांदा! म्हटलं साच्यातलं काढून टाकू, होऊन जाईल. पहिलं ठाणं तपासलं, झकास दिसलं."

"बाकीची?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

"तक्रार दाखवा."

पत्र सभ्य होतं, खाली नाव नव्हतं. बिघडलेल्या पानांची यादी मात्र ठाण्यांच्या नावांसकट दिली होती. मी मोजली, एकोणचाळीस भरली. आमचं ठाणं त्यात नव्हतं.

"अर्थात," होऊनजाईल म्हणाला, "इथं खुणा हातानं बदललेल्या नव्हत्या, त्यामुळे तेव्हा हे एकच पान नीट दिसत असणार."

"हो. पण ओळखपाळख नसलेला वाचक एक पान बिघडलेलं बघून तक्रार करतो. फार तर दोन. चाळीसच्या चाळीस कोण उघडून बघतं?"

त्यानं ओठ चावला. "ज्यानं ती लिहिली तो."

"कुणी लिहिली?"

"फोनकाकांनी. निवृत्त होऊन चार वर्षं झाली." मग तो अगदी हळू म्हणाला, "त्यांचा पासवर्ड बंद करायचा राहिलाय. म्हटलं होतं, होऊन जाईल."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनकाकांच्या सुनेनं दार उघडलं. "जास्त बोलायला लावू नका हं बाबांना. धाप लागते."

म्हातारा खिडकीशी बसला होता. मांडीवर जुना संगणक, नाकाशी नळी. बाजूचं यंत्र ठरावीक वेळानं उसासा टाकत होतं. पूर्वी तो पूरनियंत्रण कक्षात फोन घ्यायचा, म्हणून फोनकाका. कोड लिहायला तो पन्नाशीनंतर स्वतःच शिकला.

"तुम्ही नदीहून आलात," तो म्हणाला. "वाट बघत होतो."

"काका, दोननंतरचे आकडे तुम्हाला कुठून मिळाले?"

"कानातून." त्यानं स्वतःच्या उजव्या कानाला बोट लावलं. "दर अर्ध्या तासानं मोजणीदार फोनवर सांगत होता, मी लिहीत होतो. शेवटी दहा मिनिटांनी, वीस मिनिटांनी. आवाज शांत. जणू दुधाचा हिशेब सांगतोय. चार वीसला म्हणाला, नऊ बेचाळीस, पुढचा साडेचारला देतो."

यंत्रानं उसासा टाकला.

"साडेचारला फोन वाजला नाही. मी पाच वाजेपर्यंत रिसीव्हरला हात लावून बसलो होतो."

"आणि तुमच्या कक्षाच्या वहीतलं ते पान?"

"माझ्यासमोर फाडलं. दुसरं लिहिलं. दोनला संपणारं. मी त्यावर सही केली. घरी दोन पोरं होती माझी, हे कारण आहे, माफी नाही. तेव्हा आमच्याकडे ड्यूटीवर जो होता, तो आज तिथला साहेब आहे."

"चाळीस नमुने तुम्ही लिहिलेत. एकोणचाळिसांतल्या खुणा बदलल्यात, तक्रार केलीत, आणि हा एकच वेगळा ठेवलात, का? सरळ सांगता आलं असतं."

"कुणाला? पान फाडलेलं. सही माझी. म्हाताऱ्याला भ्रम झालाय म्हणाले असते." त्यानं दम घेतला. "मला वाटलं, त्यानं एकदा बघावं. रोज दुपारी, त्याच वेळी, तेच आकडे. ओळखणारे आम्ही दोघंच होतो. ते पान वर्षात वीस माणसं बघत नाहीत हो. म्हटलं त्यालाच दिसेल."

"त्याच्याआधी वस्तीला दिसलं."

"ती म्हातारी..." त्यानं दाराकडे पाहिलं. सून दारात येऊन उभी राहिली होती. "त्या पुरात अकरा गेले. बारावी माझ्या नावावर लिहा. आणि जे बोललो ते सगळं लिहा, मी सही करतो. ही खरी असेल."

मी लिहिलं आणि त्यानं सही केली. अक्षर ठळक आलं. पण माझ्यापुढं अडचण होती. एका आजारी माणसाची आठवण एका छापील अहवालासमोर ठेवायची होती. साहेब सहज म्हणू शकत होते की आकडे याच्या डोक्यातले आहेत.

जिन्यातच थांबून मी साहेबांचं टिपण पहिल्यांदा उघडून वाचलं. आणि परत कचेरीकडे निघाले.

६

पोलिसांकडच्या तक्रारीचा कागद साहेबांच्या टेबलावर टाइप होऊन पडला होता.

"पहिल्या दिवशी तुम्ही पान किती वेळा पाहिलंत?" मी विचारलं.

"एकदाच. तीनपर्यंत मी बैठकीत होतो. साडेतीनला वस्तीतून कुणाचा तरी फोन आला, तेव्हा पहिल्यांदा उघडलं. लगेच टिपण लिहिलं. तारीख-वेळ आहे त्यावर."

"आहे. तीन चाळीस. आकड्यांबद्दल आधी कुणी काही बोललं होतं?"

"कोण बोलणार? मीच पहिला."

मी टिपण उलगडून त्यांच्यापुढं ठेवलं. 'पानावर आठ मीटर शहाऐंशी अशी पातळी दिसत आहे. हा सध्याचा आकडा नसून जुन्या पुरातला आहे. मोजणीदार बाईने वडिलांचे आकडे मुद्दाम भरले आहेत.'

त्याशेजारी मी चौकशीचा अहवाल ठेवला.

"यात शेवटची नोंद दोनची आहे, सात दहा. साडेतीनला नोंदच नाही. मग एकटा आठ शहाऐंशी पाहून तो जुन्या पुरातला आहे हे तुम्ही कसं ओळखलंत?"

पंखा फिरत होता. साहेबांनी दोन्ही कागद एकमेकांपासून थोडे दूर सरकवले, जणू ते लागून राहिले तर पेट घेतील.

"मी सव्वीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "आठच्या वर गेलं की भोंगा. पण वरिष्ठांना विचारल्याशिवाय नाही, असा आदेश होता. मी फोन करत राहिलो. कुणी उचलत नव्हतं. तो सांगत होता आठ चौतीस, आठ शहाऐंशी... मी म्हणत होतो, थांब जरा, विचारतो. त्याला थांब म्हणालो मी." त्यांनी डोळे मिटले. "त्या दिवशी पानावर तो आकडा दिसला तेव्हा मला वाटलं, अजून थांबलाय."

टाइप केलेली तक्रार त्यांनी स्वतःच उचलली आणि मला दिली. कपाट उघडून बटणांचा फोनही काढून दिला. बाकीचं त्यांनी त्याच दुपारी आपल्या वरिष्ठांना लिहून पाठवलं. शेवटी सही करताना त्यांना पेन दोनदा बदलावं लागलं.

७

होऊनजाईलनं या वेळी काम पुरं केलं. साच्यातली सोय परत चालू केली, रकान्यांतल्या हातानं बदललेल्या खुणा काढल्या आणि चाळीस पानं एकेक करून उघडून पाहिली. आमच्या पानावर एक बारा आला आणि एक बाराच राहिला. खालची चौकट आता भरलेली होती. कोड चालत नव्हता, नुसता दिसत होता.

"हे आकडे काढून टाकू?" त्यानं विचारलं.

"तिला विचारू," मी म्हणाले.

नोंदवाली बाई माझ्याबरोबर कचेरीत आली. मी तिला सगळं क्रमानं सांगितलं: चौकट, तक्रार, फोनकाका, साहेब. मग ती पडद्यासमोर बसली आणि बोटानं एकेक ओळ वाचत गेली. दोनच्या ओळीवर बोट थांबलं. त्याच्या पुढं तिनं ते फार सावकाश नेलं.

"चार वीस," ती म्हणाली.

"शेवटपर्यंत ते नोंदघरात होते. अहवाल आता बदलेल. त्यांनी ठाणं सोडलं नव्हतं."

मला वाटलं होतं ती रडेल. किंवा हसेल तरी.

"शाळा अडीचला सुटायची," ती म्हणाली. "मी फाटकाशी उभी होते. सगळ्यांचे आईबाप येऊन गेले. माझं कुणी आलं नाही. शेवटी शिपाईमावशीनं घरी नेलं. नंतर आत्या सांगायची, तुला आणायला निघाला म्हणून गेला गं तुझा बाप. लोक त्यांना शिव्या द्यायचे, आणि मला आतून... मला वाटायचं, निघाले तर होते. माझ्यासाठी निघाले तर होते."

होऊनजाईल उठून बाहेर गेला.

तिनं पडद्यावरचं बोट काढलं नव्हतं. "ताई, नोंदघराची जमीन किती उंचीवर आहे?"

"आठ मीटर नव्वद."

"मग नऊ बेचाळीसला पाणी कुठपर्यंत आलं असेल?"

"बावन्न सेंटिमीटर. गुडघ्याच्या जरा वर."

"म्हणजे तेव्हासुद्धा निघता आलं असतं त्यांना."

मी त्या खोलीची, पायऱ्यांची, मागच्या चढाची मापं मनात पुन्हा एकदा तपासली.

"हो," मी म्हणाले.